कावीळ, हिपॅटायटिस बी आणि सी: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, तिकडे कारवार-हल्याळ आणि बिदर-भालकी या पट्ट्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा लिहिलेलं नाही. जिथं गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून स्वतःच औषध सुरू किंवा बंद करू नका, पण डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचं हे मात्र ठरवून जा.

१. हिपॅटायटिस म्हणजे कावीळच ना?

नाही. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला आलेली सूज. कावीळ हे तिचं एक लक्षण आहे, आणि ते दिसेलच असं नाही. ए, बी, सी, डी आणि ई असे पाच विषाणू ही सूज आणतात. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत निघून जातात. बी आणि सी रक्तातून पसरतात, बी शारीरिक संबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. डी हा ज्याला बी आहे त्यालाच होतो.

खरा घोर बी आणि सी यांचाच. हे दोन्ही वीस-वीस, तीस-तीस वर्षं गप्प राहतात. माणूस शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, लेकरांची लग्नं लावतो, आणि एक दिवस पोटात पाणी भरतं किंवा रक्ताची उलटी होते. तोवर यकृत आकसून निबर झालेलं असतं, किंवा त्यात गाठ झालेली असते.

२. आमच्या गल्लीत पावसाळ्यात चार-पाच जणांना एकदम कावीळ झाली. ती रक्तातली का?

एकाच वेळी, एकाच नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरच्या घरांत झाली असेल, तर ती बहुधा ए किंवा ई. पाणी उकळून प्या, आणि गटाराशेजारून जाणारी पाइपलाइन फुटली आहे का हे ग्रामपंचायतीला तपासायला लावा. विश्रांती, साधं घरचं जेवण, दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना न विचारता तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या नाहीत. तेल, हळद बंद करून रुग्णाला आणखी अशक्त करू नका. उसाचा रस घरी स्वच्छ काढलेला असेल तर हरकत नाही. रस्त्यावरच्या गाड्यावरचा, बर्फ घातलेला रस देणं म्हणजे त्याच पाण्याकडे पुन्हा जाणं.

घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो.

३. शेजारच्या गावात कावीळ उतरवतात. माळ घातली की जसजशी ती लांबते तसतशी कावीळ उतरते. आमच्या घरात तिघांना गुण आला. मग दवाखाना कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

माळ लांबते हे खरं आहे, डोळ्यांना दिसतं. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. अंगावर दोन-तीन दिवसांत काड्या वाळून बारीक होतात, गाठींचे वेढे सैल पडतात आणि मोकळा झालेला दोरा माळेची लांबी वाढवतो. तीच माळ खुंटीला अडकवून ठेवा, तिथंही लांबेल.

तिघांना गुण आला हेही खरं असेल, कारण ए आणि ई आपोआपच बरे होतात. माळ घाला, न घाला, डोळ्यांचा पिवळेपणा उतरणारच होता. अडचण चौथ्या माणसाची आहे. त्याची कावीळ बी किंवा सी मुळे असते. तीही कधी कधी वरवर उतरते, पण विषाणू आतच राहतो, आणि ‘आपली कावीळ उतरली’ या समजुतीत तो पुढची पंधरा-वीस वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही. मनगटावर तापल्या सळईचा डाग देणं, नाकात रस पिळणं, ओळख नसलेल्या पाल्याचा काढा पाजणं, यांत तर जखम किंवा यकृताला नवा मार एवढंच हाती लागतं.

ज्यांची माळेवर श्रद्धा आहे त्यांच्याशी मी भांडत नाही. माळ घातलीत तरी चालेल, पण त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. कावीळ झालेल्या प्रत्येकाची बी आणि सी ची तपासणी झालीच पाहिजे.

४. मला काहीच त्रास नाही. मी का तपासून घेऊ?

त्रास नसतानाच तपासायचं असतं. कारण प्रश्न १ मध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २५ कोटी ४० लाख लोकांना बी आणि ५ कोटी लोकांना सी आहे, आणि दोन्ही मिळून वर्षाला सुमारे १३ लाख माणसं दगावतात. भारतात बी चे जवळपास ३ कोटी आणि सी चे सुमारे ५५ लाख. त्याहून वाईट आकडा पुढचा आहे: जगातल्या बी असलेल्यांपैकी फक्त १३ टक्क्यांना आपल्याला तो आहे हे माहीत होतं आणि औषध ३ टक्क्यांनाच मिळत होतं. सी मध्ये निदान ३६ टक्क्यांचं आणि उपचार २० टक्क्यांना. औषधं आहेत, ती स्वस्त झाली आहेत, आपल्याकडे तर फुकट आहेत. गाडी अडते ती पहिल्या तपासणीपाशी.

आयुष्यात एकदा प्रत्येक प्रौढानं दोन्ही तपासण्या कराव्यात असं माझं मत आहे. त्यातही आधी कुणी: २००१ च्या आधी ज्यांना रक्त चढवलं त्यांनी (रक्तपेढ्यांत सी ची तपासणी त्या वर्षी सक्तीची झाली), डायलिसिसवर असलेल्यांनी, घरात कुणाला बी, सी, यकृताचा कॅन्सर किंवा पोटात पाणी झालं असेल त्यांनी, नशेची सुई घेणाऱ्यांनी, एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनी, जत्रेत गोंदवून घेतलेल्यांनी, आणि प्रत्येक गरोदर बाईनं. आपल्याकडे ‘सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं मिळेल तिथं इंजेक्शनं घेतलेले लोक घरोघरी आहेत. तेही यात आले.

५. तपासणी कुठं होते आणि किती पैसे लागतात?

केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. उपचार केंद्रं प्रामुख्यानं जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. बेळगावकरांनी ‘सिव्हिल’ला, म्हणजे बिम्सला चौकशी करावी, कारवारकडच्यांनी तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, बिदरवाल्यांनी ब्रिम्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका दवाखान्यातही आधी विचारा. पहिली तपासणी तिथंच झाली तर एक फेरी वाचते. आशाताईंना गाठा किंवा १०४ या आरोग्य साहाय्यवाणीवर फोन करा.

पहिली तपासणी अगदी साधी. बोटाला टोचून एक-दोन थेंब रक्त एका पट्टीवर टाकतात, पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. एक रेघ म्हणजे पट्टी नीट चालली, दोन म्हणजे पुढची तपासणी करायची. उपाशीपोटी जायची गरज नाही. त्यानंतरची तपासणी यंत्रावर होते, तिला वेळ लागतो. टीबीसाठी आता अनेक सरकारी दवाखान्यांत दिसणारं ट्रूनॅट यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यात, वेर्ण्याच्या कंपनीचं आहे. त्यावर बी आणि सी ची विषाणू-तपासणीही करता येते.

६. माझं बीपीएल कार्ड नाही, कन्नड वाचता येत नाही. चालेल का?

हा विमा नाही, आरोग्य कार्यक्रम आहे. त्यामुळे पिवळं-केशरी कार्ड, उत्पन्नाचा दाखला यांवर औषध अडत नाही. ओळखीसाठी आधार न्या, आणि जुने रिपोर्ट असतील तर सगळे न्या. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर काउंटरवर वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी समजणारे कर्मचारी सहसा भेटतात. रिपोर्ट इंग्रजीतच असतो, म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी तोंडी विचारून घ्या: मला बी आहे की सी, विषाणू आत्ता रक्तात आहे का, आणि यकृत किती खराब झालंय.

७. आम्हाला कोल्हापूर जवळ पडतं. तिकडे उपचार घेतले तर? आणि महाराष्ट्राच्या योजनेत आमचं गाव आहे, त्याचं काय?

कार्यक्रम देशाचा आहे, एका राज्याचा नाही. निपाणीच्या माणसाला कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे तिथलं मोठं सरकारी रुग्णालय सोयीचं असेल तर तिथं जाऊन बोलावं. खानापूरचे किती तरी जण कामाला गोव्यात असतात, त्यांना तिकडचं सरकारी रुग्णालय जवळ. मात्र नाव एकाच केंद्रात नोंदवा आणि उपचार तिथंच पूर्ण करा. मध्येच कामासाठी गाव बदलणार असाल तर औषध संपायच्या आधी केंद्रात सांगा, म्हणजे कागद पुढे पाठवता येतात.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावरून दोन्ही राज्यांत बरीच ओढाताण झाली. ती योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. हिपॅटायटिसच्या गोळ्या तिच्यावर अवलंबून नाहीत, म्हणून त्या वादाचा निकाल लागायची वाट पाहत बसू नका.

८. रिपोर्टमध्ये ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ आलंय. आता काय?

घाबरू नका, पण रिपोर्ट कपाटातही ठेवू नका. याचा अर्थ बी चा विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांनंतरही तो राहिला तर त्याला जुनाट संसर्ग म्हणतात. प्रौढपणी बी झालेल्या शंभरांपैकी पंच्याण्णव जण तो स्वतःच घालवून टाकतात. पण जन्मताच झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत तो कायम राहतो.

पुढे एसजीपीटी-एसजीओटी (यकृताला किती मार बसलाय हे सांगणाऱ्या रक्ततपासण्या), प्लेटलेट, सोनोग्राफी आणि रक्तातल्या विषाणूचं प्रमाण पाहतात. यकृत किती निबर झालंय याचा अंदाज एसजीओटी आणि प्लेटलेट या दोन साध्या आकड्यांवरूनही काढता येतो, दर वेळी महागडं स्कॅन लागत नाही. गोळी सगळ्यांनाच लागत नाही. मात्र ‘सध्या गोळी नको’ म्हणजे ‘आता येऊ नका’ असं नाही; दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये औषध कुणाला द्यावं याच्या अटी बऱ्याच सैल केल्या. म्हणून पूर्वी ‘गरज नाही’ असं सांगितलेल्यांनी पुन्हा एकदा विचारावं.

९. ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे मला सी आहेच का?

अजून सांगता येत नाही. ही तपासणी विषाणूची नसून त्याच्याशी शरीर लढल्याच्या खुणेची आहे. सुमारे तीस टक्के लोकांत सी सहा महिन्यांत औषधाशिवाय जातो, तरी खूण आयुष्यभर राहते. म्हणून एचसीव्ही आरएनए ही दुसरी, सी चा विषाणू आत्ता रक्तात आहे का हे पाहणारी तपासणी झाल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. तुमचा माणूस पहिल्याच रिपोर्टवर रडत घरी आला असेल किंवा कुणी त्याच्यावर लगेच महागडा उपचार सुरू करू पाहत असेल, तर ‘आरएनए केलं का?’ हा एकच प्रश्न विचारा.

१०. सी वर किती दिवस औषध? इंजेक्शनं असतात का?

इंजेक्शनांचा काळ गेला. यकृत फार बिघडलेलं नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस. सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत आकसून निबर झालेलं असेल तर डॅक्लाटास्विरच्या जागी वेल्पाटास्विर देतात, आणि यकृत खूपच थकलेलं असेल तर जोडीला रिबाविरिन किंवा चोवीस आठवडे. पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. कुठल्याही जुनाट विषाणूबद्दल असं छातीठोक सांगता येतं, ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

औषध बहुधा २८ गोळ्यांच्या बाटलीत येतं, अशा तीन बाटल्या. गोळीची वेळ ठरवून घ्या: सकाळच्या चहानंतर, किंवा रात्री जेवण झाल्यावर. ऊसतोडीचा हंगाम, यात्रा, लग्न, काहीही असो, बाटली पिशवीत आधी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, केंद्रात विचारा. आणि गोळ्या संपल्या म्हणजे काम संपलं असं नाही. त्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी करायची असते; ती निगेटिव्ह आली की बरे झालात. ही शेवटची तपासणी पुष्कळ जण टाळतात, कारण बरं वाटत असतं. ती टाळू नका. पुढे तिचाच कागद कामी येतो (प्रश्न १६).

११. फुकटची गोळी खरंच चांगली असते का? एवढं महाग औषध स्वस्त कसं झालं?

चांगली असते, तेच औषध, तोच गुण. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर आलं तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, पूर्ण उपचार ८४ हजार डॉलरचा. २०१४ मध्ये मूळ कंपनीनं काही भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना दिला, त्यांत बेंगळुरूची स्ट्राइड्सही होती. मग कंपन्यांमध्ये चढाओढ लागली, सरकारं घाऊक खरेदी करू लागली आणि भाव कोसळले. आज सी च्या संपूर्ण बारा आठवड्यांचा जागतिक मानक भाव सुमारे ६० डॉलर आहे, आणि बी वरच्या टेनोफोविरचा महिन्याला अडीच डॉलरही नाही. दुःख याचं, की अनेक देश अजून याच्या कितीतरी पट मोजतात.

१२. जगात कुठं हे पूर्ण जमलंय का?

इजिप्तमध्ये. तिथं सी चं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांत होतं, आणि कारण दुर्दैवी होतं: १९५० ते १९८० च्या दशकांत एका परजीवी रोगावर गावोगाव दिलेली इंजेक्शनं, नीट न उकळलेल्या सुयांनी. २०१८-१९ मध्ये सरकारनं सात महिन्यांत जवळपास ५ कोटी प्रौढांची तपासणी केली आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांना देशात बनलेलं औषध फुकट दिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना सी च्या निर्मूलनाच्या वाटेवरचा ‘सुवर्ण’ दर्जा दिला. आपल्याकडे पंजाबनं २०१६ मध्येच जिल्हा रुग्णालयांतून सी चा मोफत उपचार सुरू केला, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या दोन वर्षं आधी.

दोन्हीकडून शिकण्यासारखं एकच: रुग्ण मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे यायची वाट न बघता तपासणी त्याच्याजवळ नेली. निपाणीची तंबाखू वखार, अथणीचा साखर कारखाना, सौंदत्तीची यात्रा, अशा ठिकाणी वर्षातून एकदा पट्टी घेऊन बसलं तर आपल्याकडेही का होणार नाही?

१३. मी गरोदर आहे आणि मला बी निघालाय. बाळाचं काय? दूध पाजू का?

बाळ वाचवता येतं, फक्त पहिला दिवस महत्त्वाचा. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळायला हवं. जितकं लवकर तितकं चांगलं. पुढचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून मिळतात. तुमच्या रक्तात विषाणू खूप असेल तर गरोदरपणातच टेनोफोविर सुरू करतात. दूध खुशाल पाजा.

बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत. म्हणजे तपासणी खानापूरला आणि बाळंतपण चंदगडला किंवा हल्याळला असं होतं, आणि कागद सासरी राहतो. रिपोर्टची झेरॉक्स आधीच आईकडे पाठवा आणि नवव्या महिन्यात त्या दवाखान्यात सांगून ठेवा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन आणून ठेवतात.

सी असेल तर गोळ्या गरोदरपणात देत नाहीत, नंतर देतात. रिबाविरिन चालू असताना आणि त्यानंतर सहा महिने दिवस जाऊ देऊ नयेत. नवरा ते घेत असला तरीही.

१४. बी आयुष्यभर राहतो म्हणतात. मग गोळी घेऊन काय फायदा?

टेनोफोविर विषाणूला दाबून ठेवतं, सिऱ्हॉसिस आणि कॅन्सरचा धोका खूप कमी करतं. रोज एक गोळी, बहुतेकांना वर्षानुवर्षं. स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत.

१५. नवऱ्याला बी निघाला. त्याचं ताट-तांब्या वेगळं ठेवायचं का?

नाही. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एका घरात झोपल्यानं बी किंवा सी होत नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं यंत्र. सलूनमध्ये समोर नवं ब्लेड बसवायला लावा. घरातल्या सगळ्यांनी बी ची तपासणी करावी आणि निगेटिव्ह असलेल्यांनी लस घ्यावी: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. ही लस देशभर बाळांच्या लसीकरणात आली २०११ मध्ये, त्यामुळे आधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नसते. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा. सी वर लस नाही.

ताट वेगळं केलेल्या माणसाला पुढच्या वेळी तपासणीला जायचं धाडस होत नाही. घरातली माणसंच अशी वागली तर कुठलाही कार्यक्रम पोचणार नाही.

१६. सी चे उपचार पूर्ण केले. गल्फच्या मेडिकलमध्ये पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ आलं. औषध वाया गेलं का?

नाही. त्यांनी अँटी-एचसीव्ही केली असणार, आणि ती खूण जात नाही (प्रश्न ९). उपचारानंतरचा आरएनए निगेटिव्ह रिपोर्ट आणि केंद्राचा उपचार-कागद सोबत न्या. त्या देशाचे नियम कडक असल्यानं तिथले लोक ते मान्य करतीलच अशी हमी देता येत नाही, पण तुम्ही बरे आहात यात शंका नाही. एक मात्र लक्षात ठेवा: बरं झाल्यावर सी पुन्हा होऊ शकतो, त्यामुळे सुई-ब्लेडची काळजी सोडू नका. आणि आधी सिऱ्हॉसिस झालेला असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

१७. टीबीची औषधं चालू आहेत आणि सी निघालाय. दोन्ही एकदम घ्यायची का?

नाही. टीबीतलं रिफाम्पिसिन सी च्या गोळ्यांचा जोर मारून टाकतं. सहसा टीबीचा कोर्स आधी संपवतात. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही आजार सांगा. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवण्यासाठी अमिओडॅरोन चालू असेल, तर तेही सांगणं अत्यंत गरजेचं आहे. सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात.

१८. बी आणि सी दोन्ही असतील तर?

म्हणूनच सी चं औषध सुरू करण्याआधी बी ची तपासणी करतात. सी गेल्यावर दबून बसलेला बी उसळू शकतो, त्यामुळे काहींना सोबत टेनोफोविर देतात. हाच धोका केमोथेरपी आणि जास्त दिवस चालणाऱ्या स्टेरॉइडच्या वेळी असतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. बी असलेल्यांनी त्या पुड्यांच्या वाटेला जाऊच नये.

१९. मी सी मधून बरा झालोय. आता रक्तदान करू शकतो का?

नाही. बी असलेल्यांचं किंवा सी होऊन गेलेल्यांचं रक्त रक्तपेढी घेत नाही, बरे झाले तरीही. शिबिरात फॉर्म भरताना हे लपवू नका. तुम्हाला मदतच करायची असेल, तर त्याच शिबिरात बी-सी ची पट्टी-तपासणी ठेवायला आयोजकांना सांगा आणि रांगेत पहिल्यांदा आपल्या घरच्यांना उभं करा.